एनपीचा हेल्थ असेसमेंट कोर्स कसा वाटला, सविस्तर रिव्ह्यू

बऱ्याच जणी विचारतायत की नर्स प्रॅक्टिशनरच्या (एनपी, म्हणजे पुढचं शिक्षण घेऊन स्वतः पेशंट तपासणारी आणि निदान करणारी नर्स) अभ्यासक्रमातला हा कॉम्प्रिहेन्सिव्ह हेल्थ असेसमेंटचा, म्हणजे पेशंटला पूर्ण विचारून तपासून बघण्याचा कोर्स नेमका कसा असतो, वॉर्डचा एवढा अनुभव असताना परत पेशंट तपासायला कशाला शिकायचं, आणि थोडं ऑनलाइन थोडं लॅब अशा प्रकारात खरंच हाताला काही लागतं का. मी पूर्ण केलाय, म्हणून लिहिते. पाचपैकी चार स्टार. हिस्टरी (पेशंटला विचारून त्याची माहिती काढणं) आणि क्लिनिकलचा भाग पाचच्याही वर जाईल, व्हर्च्युअल पेशंटचं सॉफ्टवेअर दोनच्या खाली, म्हणून चार. संस्थेचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण हा साचा बऱ्याच ठिकाणी असाच आहे आणि मला साच्याबद्दलच बोलायचंय.

आधी साचा सांगते. व्हिडिओ लेक्चर्स घरी बघायची, मग व्हर्च्युअल पेशंटवर असाइनमेंट, मग स्किल्स लॅब, त्यात मॅनिकिन म्हणजे सरावाचा पुतळा पण असतो आणि पेशंटचं काम करायला शिकवलेली खरी माणसं पण येतात, मग प्रीसेप्टरच्या, म्हणजे क्लिनिकमध्ये शिकवणाऱ्या अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली खऱ्या पेशंटबरोबर क्लिनिकल तास आणि शेवटी ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा. एनपीच्या शिक्षणात तीन विषय पाया मानतात, पॅथोफिजिऑलॉजी (आजारात शरीरात काय बिघडतं), फार्माकॉलॉजी (औषधांचा अभ्यास) आणि हे असेसमेंट. पहिले दोन पुस्तकातून बरेचसे जमतात, तिसरा पुस्तकातून जमत नाही, तो दुसऱ्या माणसासमोर बसूनच येतो.

आणि "आम्हाला येतंच की तपासायला" या प्रश्नाचं उत्तर. वॉर्डात आपण असेसमेंट करतो ते पेशंट कालच्यापेक्षा बरा आहे का बिघडलाय हे बघायला, आणि बिघडला असेल तर वेळेत कळवायला. ते कमी दर्जाचं काम नाही, त्यानेच माणसं वाचतात. पण एनपी म्हणून बसलात की समोर कालचा कागद नसतो, डायग्नोसिस लिहिलेलं नसतं, पेशंट नुसतं "दम लागतो" म्हणतो आणि तिथून पुढे हृदय की फुफ्फुस की रक्त कमी की घाबरणं हे तुम्हाला शोधायचं असतं, त्यावर निर्णय घ्यायचा असतो आणि त्या निर्णयाला तुम्ही जबाबदार असता. १९६५ मध्ये कोलोराडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने एनपीचा पहिला प्रोग्राम सुरू केला तेव्हाही मुद्दा हाच होता की पब्लिक हेल्थ नर्स मुलांपर्यंत पोचतेच आहे तर तिला नीट तपासायला आणि ठरवायला शिकवा. आता देशादेशात एनपीचे अधिकार वेगवेगळे आहेत, पण हा पाया कुठेही बदललेला दिसत नाही.

आता हिस्टरी. या एका मॉड्यूलसाठी मी हा कोर्स कुणालाही सांगेन. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या की पेशंटला पहिलं वाक्य पूर्ण करू द्या, मला वाटलं एवढी साधी गोष्ट, त्यात काय शिकायचं, पण मग त्यांनी अभ्यास दाखवले. १९८४ च्या एका अभ्यासात ७४ भेटी रेकॉर्ड केल्या होत्या, त्यातल्या फक्त २३ टक्के भेटींमध्ये पेशंटला आपलं सुरुवातीचं म्हणणं पूर्ण करता आलं, आणि डॉक्टरांनी मध्ये तोडलं ते सरासरी १८ सेकंदांत. पुढे १९९९ च्या एका अभ्यासात दिसलं की ज्यांना पूर्ण बोलू दिलं त्यांनी सरासरी फक्त ६ सेकंद जास्त घेतले. सहा सेकंद! आपण घाईघाईत ज्या वेळेसाठी माणसाला तोडतो तो वेळ एवढाच आहे. आणि तोडलं की होतं काय, पेशंट पहिली तक्रार सांगतो ती बहुतेकदा सांगायला सोपी असते, मनातली भीती तिसऱ्या चौथ्या वाक्यात येते, ते वाक्य येतच नाही किंवा मग उठता उठता दारात येतं.

आणखी एक अभ्यास १९७५ चा, तो मी नवीन मुलींना नेहमी सांगते. ओपीडीत नव्याने आलेले ८० पेशंट, त्यातल्या ६६ जणांच्या बाबतीत नुसत्या हिस्टरीवरून बांधलेला अंदाज शेवटच्या डायग्नोसिसशी जुळला. हाताने तपासून मत बदललं ते ७ जणांत आणि लॅबच्या रिपोर्टवरून ७ जणांत. आज स्कॅन आले, टेस्ट वाढल्या, आकडे थोडे इकडे तिकडे होतील, पण कुठली टेस्ट करायची हे तरी हिस्टरीशिवाय कसं ठरवणार.

लॅबमधली पद्धत मला फार आवडली. पेशंट म्हणून आलेली बाई खुर्चीत बसलेली, आपण हिस्टरी घ्यायची, बाकीचे मागे बसून ऐकणार, आणि मॅडम मध्येच थांबवून एकच प्रश्न विचारणार, "आत्ता तुझ्या डोक्यात काय काय आहे?" म्हणजे डिफरेन्शियल सांग, कोणकोणते आजार असू शकतात त्याची यादी. थकवा म्हणतेय ना, मग थायरॉइड आहे का डोक्यात, रक्त कमी आहे का, झोप, डिप्रेशन, साखर, हृदय, प्रेग्नन्सी, गोळ्यांचा परिणाम. आणि आता पुढचा प्रश्न असा विचार की यातलं काहीतरी एक वर जाईल नाहीतर खाली येईल. यामुळे प्रश्नाला धार येते. नाहीतर वर्षानुवर्षं फॉर्मवरचे रकाने भरायची सवय लागलेली असते, सुरुवात कधी, कुठे दुखतं, किती वेळ, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, दुसरीकडे जातं का, किती तीव्र, आधी काय उपचार केले. हे सगळं विचारायचंच आहे, पण उत्तर ऐकून पुढचा प्रश्न बदलला नाही तर ते नुसतं टाइपिंग आहे. आणि "नाही" आलेली उत्तरंही लिहायला शिकवतात, छातीत दुखणाऱ्याला घाम नव्हता, श्रमाने वाढत नव्हतं, पिंडरीला सूज नव्हती, हे जे नाही आहे त्यावरच पुढचा माणूस तुमचा विचार वाचतो.

अवघड प्रश्नांचं सेशन वेगळं होतं आणि ते आणखी मोठं हवं होतं. दारू, लैंगिक संबंध, घरातली मारहाण, आत्महत्येचे विचार. आम्ही सगळ्याच अनुभवी, पण समोर माणूस बसवून "तुम्हाला घरात कुणाची भीती वाटते का" हे तोंडातून काढताना आवाज खाली जातो, वाक्य अर्धं गिळलं जातं, आणि पेशंटला ते लगेच कळतं. इथे ते परत परत म्हणायला लावतात, सरळ आवाजात, नजर न चुकवता, आणि आधी एक वाक्य जोडायचं की हे मी सगळ्यांनाच विचारते. घरातल्या हिंसेचा प्रश्न माणूस एकटा असतानाच विचारायचा, सोबत कुणी असेल तर त्याला आधी बाहेर बसवायचं, आणि भाषेची अडचण असेल तर नातेवाइकाला मध्ये घालून नाही, दुभाषाच बोलवायचा, कारण सुनेचं दुखणं सासू सांगणार आणि बापाचं मुलगा सांगणार तर खरं काय ते कळायचं कसं. आत्महत्येबद्दल विचारलं तर डोक्यात विचार घातला जाईल ही भीती खूप जणींना असते, ती खरी नाही हे अभ्यासांतून दिसलंय, विचारल्यामुळे बऱ्याचदा माणूस मोकळा होतो. पीएचक्यू-२ या डिप्रेशनच्या छोट्या प्रश्नावलीचे दोन प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही का आणि उदास निराश वाटलं का, हे तर प्रत्येक मोठ्या माणसाला विचारता येतात, एक मिनिटही जात नाही, आणि गुण ३ किंवा वर आले की नऊ प्रश्नांचा पीएचक्यू-९ करायचा.

व्हायटल्सचं (बीपी, नाडी, श्वास वगैरे मोजण्याचं) लेक्चर मी पळवणार होते, म्हटलं यात नवीन काय. पळवू नका. बीपीवर एक अख्खा तास आहे आणि तो वसूल आहे. पाच मिनिटं शांत बसणं, पाठीला टेका, पाय जमिनीवर आणि एकमेकांवर न टाकता, दंड हृदयाच्या पातळीला आणि खालून आधार दिलेला, लघवी करून आलेला, आणि घेताना आपण पण बोलायचं नाही पेशंटने पण नाही. कफचं, म्हणजे दंडाला गुंडाळतात त्या बीपीच्या पट्ट्याचं, तर विचारू नका. लहान कफ लावला की आकडा खोटा वाढतो. २०२३ च्या एका अभ्यासात ज्यांना सर्वात मोठा कफ लागतो अशा लोकांना नेहमीचा कफ लावला तर वरचं बीपी सरासरी १९.५ ने जास्त आलं. म्हणजे ज्याचं १२५ आहे तो १४४ चा पेशंट होणार, गोळी सुरू होणार, आणि मग चक्कर येऊन पडला की आपणच म्हणणार वय झालं. एनपी स्वतः प्रिस्क्रिप्शन लिहिते म्हणून हा आकडा कसा आला याची काळजी तिला जास्त असायला हवी, दंडाचा घेर मोजायला टेप खिशात ठेवा.

श्वासाचा दर पूर्ण एक मिनिट मोजायला लावतात, नाडी धरल्याचं दाखवून छातीकडे बघत, कारण पेशंटला कळलं की श्वास मोजतायत की तो श्वास बदलतो. हा आकडा सगळ्यात जास्त अंदाजे लिहिला जातो, सगळ्या चार्टवर १८ आणि २०, आणि पेशंट बिघडायला लागला की सगळ्यात आधी हाच बदलतो. उभं करून बीपी घेणं पण नीट करून घेतलं, उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं २० ने किंवा खालचं १० ने पडलं तर उभं राहिल्यावर बीपी पडतं असं धरायचं.

इथेच माझी एक खरी तक्रार आहे. त्वचेच्या मॉड्यूलमध्ये जवळपास सगळे फोटो गोऱ्या कातडीचे. लालसर पुरळ, निळसर ओठ, पिवळेपणा, सगळं गोऱ्या माणसावर. गडद रंगाच्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही, जांभळट किंवा राखाडी दिसते, कधी नुसता हात लावून गरम आणि कडक लागते, सायनोसिस (ऑक्सिजन कमी पडून येणारा निळेपणा) बघायचा तर जीभ आणि तोंडाच्या आतला भाग बघायचा, फिकटपणा पापणीच्या आत आणि तळहातावर, कावीळ डोळ्याच्या पांढऱ्यात. हे सगळं एका स्लाइडवर चार ओळींत उरकलं होतं. आणि हा विषय चार ओळींचा नाही, पल्स ऑक्सिमीटरचंच घ्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात मशीन ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीच्या रक्तातलं ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय पेशंटमध्ये ११.७ टक्के होतं आणि गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के. एवढा फरक! मशीनच ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवत असेल तर नर्सच्या डोळ्याने ते भरून काढायला हवं, आणि तोच डोळा तयार करायचा कोर्स फोटो दाखवताना कंजूषपणा करतो, हे मला पटलं नाही, मी फीडबॅकमध्ये पण लिहिलंय.

हाताने तपासण्याचा भाग चांगला आहे पण तो तुमच्या लॅबच्या ग्रुपवर अवलंबून आहे. एका टेबलाभोवती चार जणी असतील तर शिकाल, दहा असतील तर बघाल. आमच्याकडे सुरुवातीला गर्दी होती, मग दोन बॅच केल्या आणि फरक लगेच जाणवला. परकशन म्हणजे बोटाने ठोकून आवाज ऐकणं, ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुगर नावाच्या डॉक्टरांनी १७६१ मध्ये हे मांडलं, म्हणजे स्टेथोस्कोपच्याही ५५ वर्षं आधी, आणि आजही फुफ्फुसाच्या तळाशी पाणी असेल तर तो ठक्क आवाज बोटाला कळतो. हे व्हिडिओ बघून येत नाही, मनगट सैल ठेवायचं असतं, मधलं बोट घट्ट टेकवायचं आणि बाकीची उचलायची, मॅडमनी प्रत्येकीचं मनगट धरून हलवून दाखवलं तेव्हा कुठे जमलं.

स्टेथोचं सांगते. भारीतला इलेक्ट्रॉनिक घेऊ नका, बेल (छोटी वाटीसारखी बाजू) आणि डायफ्राम (सपाट बाजू) दोन्ही असलेला साधा चांगला पुरतो, फक्त बेल वापरायला शिका कारण बऱ्याच जणींनी ती बाजू कधी उलटवलेलीच नसते. बेल हलकी टेकवून खालच्या पट्टीतले आवाज, एस-थ्री, एस-फोर हे हृदयाचे जादा ठोके, मायट्रल स्टेनोसिसचा (हृदयाची एक झडप अरुंद झाल्याचा) मर्मर म्हणजे सरसर आवाज, पेशंटला डाव्या कुशीवर वळवून. डायफ्राम दाबून वरच्या पट्टीतले, आणि एओर्टिक रिगर्जिटेशन (झडपेतून रक्त मागे गळणं) शोधायचं असेल तर पुढे वाकवून श्वास सोडून थांबायला सांगायचं. कपड्यावरून ऐकणं बंद, इथे मार्क कापतात आणि बरोबर कापतात. कोर्सबरोबर हृदयाच्या आवाजांचं रेकॉर्डिंग मिळतं ते फार कामाचं आहे पण लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकू नका, खालच्या पट्टीतले आवाज त्यावर नीट उतरतच नाहीत, चांगला हेडफोन लावा आणि एकच आवाज रोज परत परत ऐका, दहा वेगवेगळे ऐकण्यापेक्षा त्याने कान बसतो.

पोट तपासताना क्रम वेगळा, आधी बघायचं, मग ऐकायचं, मग ठोकायचं, शेवटी दाबायचं, आणि दुखतंय तिथे सगळ्यात शेवटी जायचं, दाबताना नजर हाताकडे नाही तर पेशंटच्या चेहऱ्याकडे. लहान मुलांना आईच्या मांडीवरच तपासायचं, मूल शांत आहे तेव्हाच छाती ऐकून घ्यायची, कान घसा शेवटी. डायबेटिसच्या पायाला १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे टेकवून संवेदना तपासायचा नायलॉनचा दोरा, आणि मोजे काढायला लावायचे, दोन्ही. म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायची टेस्ट आहे, १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. मला ही टेस्ट फार आवडते, कारण त्यात आकड्याच्या बरोबरीने उठताना हाताचा आधार घेतला का, पाऊल फरफटतंय का, वळताना तोल जातोय का हे सगळं दिसतं, आणि तिथूनच घरी आंघोळ स्वतः करता का, स्वयंपाक कोण करतं, गोळ्या कोण काढून देतं अशी बोलणी सुरू होतात.

लॅबमध्ये एकमेकींवर सराव करायचा असतो, आम्ही सगळ्या तशा धडधाकट, त्यामुळे सगळं नॉर्मलच सापडतं, याला काही जणी वेळ वाया म्हणत होत्या. मला तसं वाटत नाही. नॉर्मल लिव्हरची कड कुणाला लागते कुणाला लागत नाही, कुणाची थायरॉइड गिळताना नुसती दिसते, एकीचा गुडघ्याचा रिफ्लेक्स जोरात आणि दुसरीचा मन दुसरीकडे वळवल्याशिवाय येतच नाही, नॉर्मल केवढं पसरलेलं असतं हे हाताला कळल्याशिवाय बिघडलेलं ओळखायला येणार नाही. फक्त सरावाच्या आधी प्रत्येकीची परवानगी घेतली पाहिजे आणि पांघरूण नीट दिलं पाहिजे. आमच्याकडे हे काटेकोर पाळलं, जेवढा भाग तपासायचा तेवढाच उघडा, बाकी झाकलेला. स्वतः टेबलावर झोपून ते अनुभवलं की मग आयुष्यभर पेशंटवरची चादर ओढताना हात सावध राहतो.

आता व्हर्च्युअल पेशंट, जिथे मी मार्क कापले. स्क्रीनवर एक बाई बसलेली, आपण प्रश्न टाइप करायचे, ती उत्तर देणार, शेवटी स्कोअर. कल्पना चांगली आहे, रात्री ड्युटीवरून येऊन घरी सराव करता येतो, कुणी बघत नाही, चुकलं तर पेशंटला त्रास नाही. पण स्कोअर कशावर, तर यादीतले किती प्रश्न विचारले यावर. त्यामुळे सगळ्या जणी शिकतात काय तर घसा दुखणाऱ्या बाईला तिच्या आजोबांच्या सांधेदुखीपासून झोपेच्या तासांपर्यंत सगळं विचारायचं, कारण विचारलं नाही तर मार्क गेले. उत्तर ऐकायची गरजच उरत नाही, ती रडवेली होऊन वडील गेल्याचं सांगते आणि आपण पुढचा प्रश्न टाइप करतो की लसीकरण झालंय का. सहानुभूतीचे पण मार्क असतात पण ते ठराविक वाक्य टाइप केलं की मिळतात. वर आणि प्रश्न साधा असला तरी शब्द जरा वेगळा वापरला की "मला समजलं नाही" येतं. हिस्टरीच्या मॉड्यूलमध्ये जे कमावलं ते इथे अक्षरशः उलटं फिरवतात. पूर्ण असेसमेंट एकदा डोक्यापासून पायापर्यंत करता यायलाच हवं याबद्दल वाद नाही, नव्या पेशंटला, वार्षिक तपासणीला ते लागतंच, पण रोजच्या क्लिनिकमध्ये पंधरा मिनिटं मिळतात आणि त्यात काय सोडायचं हे ठरवणं हीच खरी विद्या आहे, आणि फोकस्ड असेसमेंटला (तक्रारीपुरत्या तपासणीला) कोर्समध्ये जागा अगदीच थोडी. हा भाग दुप्पट करा आणि सॉफ्टवेअरचं वजन निम्मं करा असं मी म्हणेन.

मॅनिकिनबद्दल फार नाही, त्याचे आवाज जरा जास्तच स्वच्छ असतात, खऱ्या पेशंटच्या छातीत क्रेप्स (फुफ्फुसातला चरचर आवाज) ऐकताना शेजारच्या बेडचा मॉनिटर वाजत असतो आणि पेशंट खोकत असतो.

डॉक्युमेंटेशन शिकवतात ते उत्तम. नोट एसओएपी पद्धतीने, म्हणजे पेशंट काय म्हणाला, तुम्हाला काय सापडलं, तुमचं मत काय आणि पुढे काय करणार. यात तिसरा भाग वॉर्डातल्या नर्सला सगळ्यात जड जातो कारण "माझं मत" लिहायची सवय आपल्याला कुणी लावलेलीच नसते, आपण "डॉक्टरांना कळवलं" लिहून थांबतो. इथे थांबता येत नाही. आणि "फुफ्फुस नॉर्मल" लिहिलं की परत पाठवतात, दोन्ही बाजूला पुढून मागून हवा सारखी जाते, क्रेप्स नाहीत, शिट्टी नाही, असं जे ऐकलं तेच लिहा. जे तपासलं नाही ते लिहायचं नाही, टेम्प्लेटमध्ये आपोआप भरून आलेलं असलं तरी काढून टाकायचं. यावर मॅडम इतक्या कडक होत्या की तेव्हा राग यायचा, आज त्यांचे आभार मानते.

क्लिनिकल तासांबद्दल एकच केस सांगते म्हणजे कोर्सचा उपयोग कळेल. बीपीचे जुने पेशंट, गोळ्या त्याच, इतके दिवस व्यवस्थित कंट्रोल आणि आता दोन भेटींपासून वाढलेलं, पायावर थोडी सूज. फाइलवर लिहिलेलं की नवीन औषध काही नाही. सरळ रस्ता म्हणजे आणखी एक बीपीची गोळी वाढवायची. पण हिस्टरीत शिकवलेलं असतं की "औषधं कोणती घेता" असं विचारलं तर लोक डॉक्टरांनी दिलेली तेवढीच सांगतात, म्हणून मी वेगळं विचारलं, काका दुकानातून स्वतः आणून काही घेता का, दुखण्यासाठी, झोपेसाठी, पोटासाठी, कुणी सांगितलेली मुळ्यापाल्याची काही? तेव्हा म्हणाले, "गुडघ्यासाठी एक घेतो ना, सकाळ संध्याकाळ, ते काय औषध नाही, नुसती दुखण्याची गोळी." आयबुप्रोफेन. त्या जातीच्या गोळ्यांनी शरीरात मीठ पाणी साठतं, बीपी चढतं, बीपीच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी होतो आणि किडनीवर ताण येतो. माझ्या प्रीसेप्टरनी माझं झाल्यावर स्वतः परत तपासलं, ते त्या नेहमीच करायच्या, मग मला विचारलं तुझं मत काय, मी सांगितलं, आणि त्यांनी ती गोळी बंद करून गुडघ्यासाठी दुसरा मार्ग काढला, किडनीची रक्त तपासणी लिहिली आणि लवकर परत बोलावलं. नवीन बीपीची गोळी लिहिली नाही. पुढच्या भेटीला आकडा खाली होता आणि सूज उतरली होती. एका प्रश्नाचं काम, पण तो प्रश्न कसा विचारायचा हे कुणीतरी शिकवावं लागतं.

म्हणूनच ॲडमिशनच्या आधी फी आणि सुट्ट्या विचारण्यापेक्षा प्रीसेप्टर कोण शोधणार हे विचारा. काही ठिकाणी संस्था देते, काही ठिकाणी तुम्हालाच फोन करत फिरायला लागतं आणि माझ्या ओळखीच्या दोघी यातच अख्खं सत्र अडकल्या. प्रीसेप्टर तुमच्यासमोर तपासणार का नुसती सही करणार, तुम्ही तपासल्यावर परत तपासून फरक सांगणार का, तुम्हाला आधी मत मांडू देणार का, हे जुन्या विद्यार्थिनींना गाठून विचारा.

ओस्की म्हणजे शेवटची परीक्षा, स्कॉटलंडच्या डंडीत रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली पद्धत, वेगवेगळी स्टेशन्स, प्रत्येकाला ठरलेली मिनिटं, घंटा वाजली की पुढे. टेन्शन येतं पण सगळ्यांना सारखाच पेशंट आणि सारखीच मार्कांची पट्टी असल्यामुळे अन्याय वाटत नाही. पेशंटचं काम करणारी माणसं शेवटी स्वतःचं मत पण देतात आणि ते परीक्षकाच्या मतापेक्षा जास्त लक्षात राहतं. मला एका बाईंनी सांगितलं की पोट तपासायच्या आधी तू हात चोळून गरम केलेस आणि काय करणार ते आधी सांगितलंस म्हणून मी पोट सैल सोडू शकले. दुसरीला सांगितलं की तू कॉम्प्युटरकडे बघून कॅन्सर हा शब्द उच्चारलास. ती मुलगी हुशार, पण ते ऐकून गप्पच झाली, आणि पुढच्या आठवड्यात क्लिनिकमध्ये मी बघितलं तर तिने खुर्ची फिरवून पेशंटसमोर आणून ठेवली होती.

कुणी घ्यावा, तर किमान काही वर्षं वॉर्ड किंवा कम्युनिटीत काम केलेल्यांनी. आजारी माणूस भरपूर बघितलेला असला की इथलं शिकलेलं लगेच जागेवर बसतं. नुकत्याच पास झालेल्यांना जमणार नाही असं नाही पण त्यांना सगळंच एकदम शिकायला लागतं आणि दमछाक होते. नोकरी सांभाळून करणार असाल तर लॅबचे दिवस चुकवू नका, लेक्चर रात्री बघता येतात, लॅब परत मिळत नाही. आणि लॅबमध्ये ग्रुप किती जणींचा असतो आणि प्रीसेप्टरची जबाबदारी कुणाची, या दोन्हीची उत्तरं तोंडी ऐकून पैसे भरू नका, मेलवर लेखी घ्या.